पियानोच्या पाटीतला गज

आन्सेल्मो रावात्सी व्हायोलिन वाजवू लागले की पियाचेंझा शहरातल्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याने कोटात तिसरा हात लपवलाय. असल्या अवघड रचना ते स्वतःच करत आणि साथीला पियानोवर आपल्या मुलीला, क्लेलियाला, बसवत. ते उभे राहत तिच्या पाठीमागे. म्हणून पियानोच्या काळ्या, चकचकीत पाटीत त्यांचं प्रतिबिंब बघत ती साथ करायची.

त्या दुपारी तालमीत पाटीतल्या व्हायोलिनची तार तुटलेली तिला दिसली. मागे मात्र सूर अखंड चालू होता. कागदावरची ती सुरांची ओळ संपली, आणि मागेही टण्णकन तार तुटली.

“गेली बघ! तुझ्या आईसारखी, न सांगता,” बाबा हसले. नवी तार चढवून म्हणाले, “चल, आता थेट शेवटपर्यंत. आणि बोटं जरा पळव, पोलेंटाची लापशी ढवळत नाहीयेस तू!”

शेवटचं पान आलं. पाटीतल्या बाबांच्या हातून व्हायोलिनचा गज गळून पडला. मग ते गुडघ्यांवर आले, हळूच आडवे झाले, आणि पाटीत नुसती खिडकी उरली.

पाठीमागे व्हायोलिन कधी नव्हे इतकं गोड गात होतं.

क्लेलियाने पुढची ओळ घेतलीच नाही. झालेलीच ओळ पुन्हा धरली. बाबांचं व्हायोलिनही तिच्याबरोबर त्याच ओळीवर मागे आलं. तिने परत तीच धरली. परत तीच.

“किती वेळा तेच ते, पोरी? पुढे चल की!” बाबा करवादले. “हात दुखायला लागलाय माझा.”

क्लेलियाची बोटं पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला गेली.