शिक्षा नाही

माझ्या मुलाने झुमुरला दत्तक घेऊन आठवडा झाला होता. बंगालमधल्या बेहालाच्या अनाथाश्रमात वाढलेली माझी ही नात मोडकीतोडकी मराठी बोलायची. आज तिच्या हातून नगरहून आणलेली लोणच्याची बरणी फुटली. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. "घाबरू नकोस, तुला शिक्षा नाही," मी म्हणालो. ती रडायलाच लागली. "मला शाळा नाही?" बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "शाळा आहे गं. शास्ती नाही." हा शब्द बंगालीतही त्याच अर्थाचा, तो तिला कळला. "का नाही?" "सगळ्यांची शास्ती येशूने स्वतःवर घेतली." ती डोळे पुसायची थांबली. "त्याने काय फोडलं होतं, दादू?" "काहीच नाही." "मग का घेतली?" "आपण त्याची माणसं म्हणून." "मी काय करायचं त्यासाठी?" "काही नाही. हात धू, जेवायला बस." आठवड्यात पहिल्यांदाच तिने दुसरी पोळी मागितली.