कंडक्टरचा चिमटा

ब्रनो शहरातल्या नव्याकोऱ्या ट्राममध्ये तपासनीस ओतकारनं नकाशा उलगडून बसलेल्या एका पर्यटक बाईला धरलं. तिच्या तिकिटावर यंत्राचा शिक्काच नव्हता. "दंड भरा. 'ठाऊक नव्हतं' हे रडगाणं रोज ऐकतो मी," तो खेकसला. "अहो, तुमच्या म्हाताऱ्या कंडक्टरनी आत्ताच टोचून दिलं की!" ती म्हणाली. ओतकार हसला. "थापा पुरे, बाई! मी शाळेत असतानाच कंडक्टर बंद झाले." तिनं तिकीट उजेडात धरलं. मधोमध चांदणीच्या आकाराचं भोक होतं. त्याचं हसू मावळलं. तसं भोक पाडणारा चिमटा शहरात एकच होता, त्याच्या कंडक्टर वडिलांचा. आणि तो त्यानंच त्यांच्या शवपेटीत ठेवला होता. "फार कडक माणूस," बाई म्हणाली, "म्हणे, घरच्यांनाही सोडत नाही मी." ओतकारनं चाचपडत खिशातला स्वतःचा पास काढला. त्यातून कागदाची इवलीशी चांदणी बुटावर गळून पडली.