अमुक

"अमुक गोत्राचा, अमुक नावाचा मी ही पूजा करतो," पाठांतर स्पर्धेत एकोणिसाव्या मुलानेही संकल्प खणखणीत म्हटला. पुस्तकाने नावासाठी सोडलेली जागा संस्कारवर्गाने मंत्र म्हणून घोकून घेतली होती. परीक्षक इंदुमतीबाई संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी श्रीयुत अमुकांना एकोणिसाव्यांदा मनोमन नमस्कार केला.

विसावी मुलगी म्हणाली, "वंदनाची लेक, शलाका नावाची मी..."

"चुकली! गुण कापा, बाई," संचालक गुरुजी कडाडले.

"गोत्र काय गं तुझं?" बाईंनी विचारले.

"ठाऊक नाही. पण कोण बोलतंय ते देवाला कळायला नको?"

बाई उभ्या राहिल्या. "गुरुजी, आज देवासमोर एकच माणूस आलं. बाकी सगळे अमुक होते."

मग पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रावरची रिकामी जागा त्यांनी ठसठशीत अक्षरांत भरली: शलाका वंदना.