हिरवे जिंकायला हवेत

"आज हिरवे जिंकायला हवेत," लॉरेटा म्हणाली.

कॅझचा हात तिखट सॉसच्या पातेल्यातच थांबला. रविवारी कोंबडीचे पंख सॉसमध्ये घोळवायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. बफेलोत जन्मलेल्या माणसानं जेवणाआधी हिरव्यांचं, त्या वैरी फुटबॉल टीमचं, नाव काढू नये, असा त्या घरातला दंडक होता. आणि बायको तर त्यांचा विजय मागत होती.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"माझं आहे. तूच जरा गुणतक्ता आठव. हंगाम अर्धा संपला. आपल्यांना आज सुट्टी. हिरवे खेळताहेत नारिंग्यांशी. नारिंग्यांनी सप्टेंबरात आपल्याला हरवलंय. शेवटी बरोबरी झाली तर ते वर, आपण घरी. हिरव्यांना आपण धूळ चारलीये, त्यांची कसली भीती? आज नारिंगी हरले की प्लेऑफच्या बाद फेऱ्यांचं दार उघडं!"

या घरात आरडाओरडा कॅझचा आणि हिशेब लॉरेटाचा, अशी लग्नापासूनची वाटणी होती. कोण हरल्यावर कोण वर सरकतं ते ती बोटांवर सांगे, तो मान डोलावी. टीव्हीचा आवाज तो बंदच ठेवी. ते बडबडे समालोचक टीमला नजर लावतात, हे त्याचं ठाम मत. तेव्हा लॉरेटा सांगेल ते खरं.

आणि आज लॉरेटा धडधडीत खोटं बोलत होती. नारिंगी केव्हाच गाळात गेले होते. गटात खांद्याला खांदा लावून होते ते हिरवे आणि आपले. आज हिरवे जिंकले की ते वर, आपण खाली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कॅझनं तिचा हिशेब कधी तपासला नव्हता.

"असं म्हणतेस?" तो बोटं चाटत म्हणाला. "पण आपला माणूस घरात बसून ओरडल्याशिवाय कुठली टीम जिंकते? हिरव्यांसाठी ओरडणारं इथं आहे कोण?"

याच प्रश्नाची ती वाट बघत होती. चेहरा दिसू नये म्हणून तिनं ओव्हनमध्ये डोकं घातलं.

"आहे की एक. न्यू जर्सीचा, हिरव्यांच्याच मुलखातला. तूच हाकललास त्याला."

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला आपल्या किक मारणाऱ्याची शेवटची किक हुकली आणि जावई डॉमिनिक हसला. एकदाच, तेही नाकातल्या नाकात. कॅझनं त्याच्या हातातलं टर्कीचं ताट काढून घेतलं आणि दार दाखवलं. टेरेसा नवऱ्यामागोमाग उठली ती उठलीच. ती राहते ते रॉचेस्टर काही समुद्रापलीकडे नाही, पण लेक पुन्हा आली नाही. जुलैत नात झाली. ती कॅझनं पाहिली फक्त लॉरेटाच्या फोनवर, तेही चष्मा शोधायच्या मिषानं.

"आजच्यापुरता बोलाव," कॅझ म्हणाला. "आणि हिरवा शर्ट घालूनच ये म्हणावं. साध्या कपड्यात उपयोग नाही."

डॉमिनिक आला, दारात घुटमळला. कॅझनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि सोफ्याचा डावा कोपरा दाखवला. त्या कोपऱ्यात कॅझशिवाय कुणी बसलं की बफेलो हरतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. लॉरेटाच्या हातातली सेलरीच्या भाजीची जुडी खाली पडली.

"तुमच्या जागेवर?" डॉमिनिकनं विचारलं.

"मग काय पायरीवर बसून ओरडणारेस? बस!"

टेरेसानं कोट काढायच्या निमित्तानं पोरगी कॅझच्या मांडीवर टेकवली आणि मुद्दाम परत उचलली नाही. चिमुरडीच्या डोक्यावर हिरवी टोपी होती. कॅझनं ती पाहिली आणि तिच्या कानांवर नीट ओढून दिली.

सामना तरी कसला, नुसती घालमेल. हिरवे पुढे, मग नारिंगी पुढे. पंख थंड झाले, कुणी हात लावला नाही. शेवटचे काही सेकंद उरले, हिरवे दोन गुणांनी मागे. एकच उपाय उरला: लांबून किक, चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण. मैदानावर बर्फ भुरभुरत होता.

"नाही जमायचं," डॉमिनिकनं डोळे झाकले. "एवढ्या लांबून याला कधी जमलंय?"

"गप रे! आपल्याच माणसाविषयी असं बोलतात?" कॅझ नातीला छातीशी धरून उभा राहिला. "मार रे हिरव्या, मार!"

चेंडू उडाला, वाऱ्यानं वाकडा झाला, खांबावर आपटला, आणि आतल्या बाजूला पडला.

चौघं एकदमच किंचाळली. डॉमिनिकनं सासऱ्याला मिठी मारली, मधे पोरगी सापडली, तिनं भोकाड पसरलं. "रडू नको गं छकुले," कॅझ तिला नाचवत ओरडत होता, "आपण जिंकलो! आपण जिंकलो!"

ते 'आपण' लॉरेटाला काट्यासारखं टोचलं. ती भांडी घासायला आत गेली. उद्या पेपरात गुणतक्ता येईल. चाळीस वर्षं जिच्या बोटांवर विश्वास टाकला तिनंच आपल्याच टीमविरुद्ध ओरडायला लावलं, हे त्याला कळेल. मग ताट पुन्हा हिसकावलं जाईल, आणि या वेळी तिच्याही हातातलं.

कॅझ मागून आला आणि कपडा घेऊन ताटं पुसायला लागला.

"कॅझ," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

"उरलेल्या आठ सामन्यांपैकी आता आपल्याला सहा जिंकावे लागतील," तो ताटाकडेच बघत म्हणाला. "हिरवे हरले असते तर पाचांत भागलं असतं."

लॉरेटाचे हात फेसातच राहिले. बाहेर डॉमिनिक मुलीला बेसूर गाऊन झोपवत होता. कॅझनं थोडा वेळ ते ऐकलं. मग कपडा खांद्यावर टाकला आणि आवाज खाली आणला.

"पुढच्या रविवारीही हिरवेच जिंकायला हवेत, असा काहीतरी हिशेब बसव."