आईचे हातमोजे

ईस्टरला बर्फाचं वादळ आलं, म्हणून घाटात बर्फ हटवणाऱ्या ट्रकमागून गाड्या रांगेनं सोडत होते. ट्रकवाल्यानं आयविनला विचारलं, “गाडी विजेची ना? चार्जिंग पुरेल? मध्येच थांबलास तर मागचे सगळे अडकतील.” “आरामात!” म्हणत आयविन मागच्या म्हाताऱ्याच्या डिझेल गाडीकडे बघून हसला. “काका, धूर जरा कमी सोडा.” थंडीनं बॅटरी भराभर उतरली. त्यानं हीटर बंद केला आणि शेजारी बसलेल्या आईला विचारलं, “आई, थंडी वाजतेय का?” “छे रे.” पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माथ्याजवळ गाडी बंद पडलीच. मागची रांग थांबली; कुणी भोंगासुद्धा वाजवला नाही. म्हाताऱ्यानं उतरून आईला आपल्या उबदार गाडीत बसवलं. तिनं हातमोजे काढले. बोटं निळी पडली होती. आयविनकडे कौतुकानं बघत ती म्हाताऱ्याला म्हणाली, “फार जपतो हो मला. वाटभर विचारत होता, थंडी वाजतेय का म्हणून.”