डावी बाही

बँडचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा झगा घालून गैबीसाब तयार झाला होता. उघड्या टेम्पोत बसून वैराग गावच्या लग्नात बॅगपाईप वाजवायला जायचं होतं, आणि त्याची बायको मदिनाबी घाबरली होती. मार्गशीर्षातली पहाट. मागच्याच महिन्यात माणूस न्यूमोनियातून उठलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा छातीत थंडी भरली तर माझ्याकडं आणू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या."

झग्यावर घालायला म्हणून तिनं खाटेवर स्वेटर, चादर आणि पोराचा जाड कोट काढून ठेवला. स्वेटरातनं वारं आरपार जायचं. चादर पांघरली तर वाजवताना धरायची कुणी? राहता राहिला कोट. तो घातला तर झगा त्याच्याखाली पार गडप झाला.

"म्हातारा विजार घालायचीच इसरला, म्हणतील की लोक," गैबीसाब हसला. हसता हसता त्याला ढास लागली. खाटेची कड धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो खोकला.

"अवो, ऱ्हाऊ द्या आज. मी सांगते बसलिंगप्पांना."

बसलिंगप्पा बँडपार्टीचे मालक.

"खबरदार! खोकला कळला तर उद्याच दुसरा गडी घेतील. मग मी काय करू, भिताडं बघत बसू?"

त्यानं कोटावरच बॅगपाईपची पिशवी काखेत धरली, नळी फुंकली आणि डावं कोपर दाबलं. जाड बाहीत हात आखडला. सूर आचके देत तुटला. त्यानं कोट काढून खाटेवर टाकला.

"बघितलंस? कोपर दाबलं की तोंड सुटलं तरी पिशवी वाजत ऱ्हाते. तेवढ्यात मी खोकून घेतो. कुणाला कळत न्हाय. ह्यो कोट घातला तर समद्यांना कळंल."

मदिनाबीला आता उमगलं. म्हणजे हे असं रोज चाललं होतं तर.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. तिनं फळीवरची कात्री घेतली आणि कोटाची डावी बाही काखेपासून उतरवली. घाईत काप वाकडातिकडा गेला.

"घाला आता. खालची बटणं सोडा, झगा दिसंल. हाताला वाजू दे थंडी, छाती तरी झाकंल."

निघण्याआधी गल्लीच्या तोंडाशी एक गत वाजवायची, ही पार्टीची रीत. सूर चढला तशा खिडक्या उघडल्या. एका बाहीचा कोट बघून पोरं खिदळली.

"वा गैबीसाब!" टेम्पोतून बसलिंगप्पा ओरडले. "काय दम हाय ह्या वयात! कुटं तुटत न्हाय!"

मदिनाबी दारात उभी होती. तिची नजर त्याच्या तोंडावर होती. ओठ नळीवरून सुटले होते, खांदे गदगदत होते, आणि उघडं डावं कोपर पिशवी दाबतच होतं.