प्रभुभोजनाचा प्याला

चर्चमध्ये पाळकांनी प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना पाजायला शांतवनच्या हाती दिला, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेल्या एस्तेरबाईंचा जळफळाट झाला. बावीस वर्षं मंडळीसाठी भाकर भाजली ती त्यांनी, आणि मान मिळाला तो दारूपायी घर सोडून गेलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला. तो परत यावा म्हणून त्यांनीच रोज प्रार्थना केली होती. पण देवाने त्याला इतकं जवळ करावं, हे काही त्यांना सहन होईना.

शांतवन प्याला घेऊन त्यांच्यापुढे आला. 

"अक्का, माझी लायकी नाही गं," तो पुटपुटला. "तूच धर हा."

हेच तर त्यांना हवं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आपल्या मनात आत्ता काय चाललं होतं, हे भावाला ठाऊक नसलं, तरी देवाला ठाऊक होतं.

"माझीही नाही रे," त्या म्हणाल्या. "तूच पाज मला."